अर्धा इंच

"हे मला गिऱ्हाइकासारखा हात लावतात," असं समुपदेशक बाईंना सांगून शिंप्याच्या बायकोनं काठी खुर्चीला टेकवली.

शिंप्याची मान खाली गेली. बायकांचे कपडे शिवण्यात त्याची हयात गेली होती. टेपची टोकं चिमटीत धरायची, बोट म्हणून अंगाला लागू द्यायचं नाही, ही त्याची ख्याती. मल्टिपल स्क्लेरोसिसनं बायकोच्या नसा पोखरायला घेतल्यापासून तो तिलाही तसंच बेताबेतानं उठवायचा, बसवायचा. खाटही वेगळी केली होती.

"दुखेल तिला," तो पुटपुटला.

"कुठं दुखतं ते विचारलंत कधी?"

समुपदेशक बाईंनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर बाईची छापील आकृती होती. "स्पर्श कळत नाही तिथं फुली. जळजळतं तिथं रेघ. हवासा वाटतो तिथं गोल. खुणा ताई करतील."

शिंप्यानं कागद हातभर लांब धरला. "ही कोण?"

"कुणी नाही, नमुना आहे."

"मग हिच्यावर कसं चालेल? दुसरीच्या मापावर बायकोचा कपडा बेतू का मी?"

त्यानं कागद पालथा घातला. गळ्यातली टेप काढायची घरी राहूनच गेली होती, ती काढून बाजूला ठेवली. खिशातल्या निळ्या खडूनं, वर न बघता, एका दमात मान, खांदे, कंबर, पाय काढले. डावा खांदा अर्धा इंच खाली उतरवला.

ती बघतच राहिली. तो खांदा वर्षभरापूर्वी उतरला होता. डॉक्टरांच्यासुद्धा लक्षात आला नव्हता.

"हे कधी मोजलंत?"

"मोजायला कशाला लागतंय?"

दोन बस बदलून ती रडायला आली नव्हती. मुठीत तिनं खडू आवळला. पावलांवर फुल्या. पोटऱ्यांवर रेघा. मांडीशी हात थांबला, मग तिथंही तिनं फुली केली, बाईंच्या देखत. कानाखाली एक गोल, गळ्याच्या हाडावर दुसरा.

"बाकीचे गोल?" त्यानं हळूच विचारलं.

"ते तुम्ही शोधायचे."

कागदाची घडी खिशात घालून तो तिच्याबरोबर बाहेर पडला. जिन्याशी ती थांबली. "अहो, टेप राहिली की तुमची आत!"

"राहू दे," तो म्हणाला आणि तिच्या डाव्या खांद्यावर त्यानं सबंध तळवा ठेवला.