ओळखीचा फोन

"वायफायचा पासवर्ड काय हो तुमचा?" मुलाच्या आईने, मनकर्णाबाईंनी, पोहे खाता खाता विचारलं. मुलगी त्यांना पसंत होती. पुण्यातल्या लेकीला ती एकदा व्हिडिओवर दाखवली, की सुपारी इथंच फोडायची.

नुसत्या पासवर्डने भागणार नव्हतं. पंजाबरावांच्या घरात इंटरनेट वाटायचं काम कंपनीचा डबा करत नसे. ते त्यांच्या थोरल्या अश्विनीने साबणाच्या डबीत बसवलेला, पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक करायचा. नवा फोन आला, की तिने लॅपटॉपवर मंजुरी द्यायची. तोवर नेट नाही. एमएस्सी झालेल्या मुलीला घरात एवढाच अधिकार मिळाला होता, आणि तो ती कलेक्टरसारखा वापरायची.

"एक मिनिट हं, काकू," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली.

ती खुशीत होती. आधीच्या चार मुलांनी शोकेसमधली डबी पाहून "हे काय होय?" असं विचारलं होतं. नांदुऱ्याच्या या गजेंद्रने विचारलं नाही. याला समजतं, असं तिला वाटलं. हो म्हणायचं तिने पोह्यांवर लिंबू पिळतानाच ठरवून टाकलं होतं.

मनकर्णाबाईंचा फोन तिने मंजूर केला आणि ती थबकली. बाहेर गजेंद्रच्या फोनवर त्याचे मामा मघापासून क्रिकेट बघत होते. या घरात मोबाइलला रेंज नावालाही नसते. आणि गजेंद्रने मंजुरी मागितलीच नव्हती.

लॅपटॉपवरच्या यादीत घरचे चार फोन होते, टीव्ही होता, मनकर्णाबाई होत्या. शिवाय 'महामाया'. धाकट्या पुष्पांजलीची मैत्रीण. आई-बाबा बाजाराला गेले, की अभ्यासाला येते म्हणे. अश्विनी तेव्हा बुलढाण्याला शिकवायला असे. बहिणीने फोनवर गळ घातली आणि तिने तिथूनच मंजुरी देऊन टाकली होती. मैत्रीण तिने कधी पाहिली नव्हती.

तिने महामायाचं नेट बंद केलं.

"अबे, थांबलं!" बाहेर मामा ओरडले.

चालू केलं. "आलं, आलं."

पुन्हा बंद. "गजू, काऊन बे? तुह्या फोनले झालं काय?"

एकदा झाला तर योगायोग. तिने तीनदा करून पाहिलं.

चहा गाळणाऱ्या पुष्पांजलीने ताईचा चेहरा पाहिला आणि गाळणंच कपात पडलं.

"त्यानं घरी खरं सांगतलं वं ताई," ती रडवेली झाली. "पंजाबरावाची पोरगी पसंत आहे म्हणे. थोरलीच्या आधी धाकटीचं लगन थोडीच राह्यते? त्याच्या मायनं थोरलीच धरली!"

"आन् हा गप्प बसला?"

"त्याले बोलता येत असतं, तर महामाया झाला असता का?"

अश्विनीला हसू आलं. मग थोडं वाईटही वाटलं, पण तेवढ्यात बाहेर अडकित्ता वाजला. तिने चहाचा ट्रे उचलून बहिणीच्या हातात दिला, तिला दंडाला धरलं आणि थेट गजेंद्रसमोर नेऊन उभं केलं.

"बोल बेटा," पंजाबराव सुपारी हातात धरून अश्विनीला म्हणाले. "पसंत आहे ना तुले?"

"हाव बाबा. जावई एकदम पसंत आहे," अश्विनी म्हणाली. "धाकटा."