निळ्या पेशी

“जीवन-मरणाची कळ आज आपल्या बोटाखाली आहे!” अशी घोषणा करून वझलवार सरांनी प्रयोगशाळेतल्या ट्यूबलाइटचं बटण दाबलं. ती लागली नाही. भाषण मात्र वीस मिनिटं चाललं.

शाल्मलीचा जीव टांगणीला लागला होता. एक जनुक चालू राहिलं तरच उंदराच्या थायमस ग्रंथीतल्या कोवळ्या रोगप्रतिकारक पेशी जगतात, हे दाखवण्यात तिची पीएचडीची पाच वर्षं गेली होती. ते जनुक चालू ठेवलेल्या पेशींवर तिने निळा रंग टाकला होता. मेलेली पेशी रंग पिते, जिवंत पीत नाही. तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सगळं निळंशार!

“मेल्या का गं?” सर कुजबुजले.

तिला रडू फुटणार, तोच घड्याळ दिसलं. रंग टाकल्यावर पाच मिनिटांत बघायचं असतं. नंतर तो धडधाकट पेशींनाही मारतो. “सर, तुमचं भाषण...” एवढंच ती म्हणाली.

तिने नवा नमुना घेतला, रंग टाकून लगेच पाहिला. पेशी मोत्यांसारख्या लखलखत होत्या. “जगल्या, सर!”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “पहिल्या कशाने मेल्या, तेवढं प्रबंधात लिहू नकोस, बाई.”