लाईनचं वळण

"काका, इथं खडक कुठाय?" तरुण इंजिनिअरनं जुन्या नकाशावर बोट ठेवलं. "तुमच्या शेऱ्यात खडक लिहिलाय. आम्ही परवा खणलं, तर नुसती भुसभुशीत माती!"

म्हाताऱ्या सर्व्हेअरनं चष्मा पुसला. "चाळीस वर्षांत खडकाचीसुद्धा माती होते, बाळा."

इंजिनिअर हसला. नव्या कारखान्यांसाठी विजेची मोठी लाईन टाकायची होती. जुनी आखणी माहीत असलेला हा एकच माणूस उरला होता, म्हणून त्याला मुद्दाम गाडी पाठवून सबस्टेशनच्या ऑफिसात आणलं होतं.

"आता लाईन सरळ नेतोय," इंजिनिअर म्हणाला. "पलीकडच्या गावावरून. शेड तिथंच उभ्या राहणार आहेत."

सर्व्हेअरनं मान डोलावली. खडक नव्हताच. होती ती मास्तरांची मुलगी.

तेव्हा तो जेमतेम तेवीस वर्षांचा. याच गावात, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायचा. समोर मास्तरांचं घर. दिवेलागणीला मुलगी कंदील घेऊन उंबऱ्यात बसायची आणि पुस्तकात डोकं खुपसायची. काच काजळली की ओढणीनं पुसायची, बोट भाजून घ्यायची, पुन्हा वाचायला लागायची. दोघांचं बोलणं झालं ते एकदाच, दुकानाच्या पायरीवर.

"लाईट आमच्या गावात येणार का हो?" तिनं विचारलं होतं.

मंजूर आखणी पलीकडच्या गावावरून होती. पण तिच्या तोंडाकडं बघून त्याला ते सांगवेना. "येईल की," तो बोलून गेला.

आता शब्द खाली कसा पडू द्यायचा? दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मजूर जेवायला बसलेले असताना, त्यानं आखणीच्या सात खुंट्या उपटल्या आणि अलीकडं ठोकल्या. शेरा लिहिला, खडक. वरच्यांनी डोळे झाकून सही केली.

तारा ओढायच्या आधीच त्याची बदली झाली. पुढं लग्न झालं, मुलं झाली, केस गेले. बल्बखाली वाचत बसलेली ती मुलगी मात्र डोळ्यांपुढून हलली नाही. आयुष्यात आपण एक तरी काम चोख केलं, असं त्याला वाटायचं.

दार ढकलून एक पांढऱ्या केसांच्या बाई आत आल्या. "साहेब, आमच्या शिवणाच्या शेडला थ्री-फेज कधी देताय?"

"या मावशी," इंजिनिअर म्हणाला. "काका, या पलीकडच्या गावच्या. वीस बायकांना काम देतात."

तो आवाज ऐकून सर्व्हेअरनं नकाशावरून मान वर केली. "तुम्ही... मास्तरांच्या ना?"

"अगंबाई! हो, माझं माहेर हेच." बाई खुलल्या. "बाबांना ओळखत होता?"

"तोंडओळख होती. मग, लाईट आल्यावर वाचन जोरात चाललं असेल?"

"कुठलं! लाईट यायच्या आधीच लग्न होऊन तिकडं गेले. आमच्याकडं लाईट आली बारा वर्षांनी. तोवर वाचन सुटलंच."

"मास्तरांनी असं अंधारात कसं दिलं तुम्हाला?"

"अहो, मला वाचता यावं म्हणूनच!" बाई हसल्या. "स्थळं दोन होती. बाबा स्वतः कचेरीत जाऊन नकाशा बघून आले, आणि लाईन ज्या गावावरून जाणार होती, तिथंच मला दिलं."