साबुदाण्यातली रोपं

"ही खेपही गेली." सोपानरावांनी बाटली उजेडाकडं धरली. आतल्या उसाच्या कोवळ्या कोंबाभोवती पांढरट, चिकट साय धरली होती. "सुवर्णा, तो साबुदाणा बंद कर आता. कंपनीची पावडर आणू."

"पावडरीनं रोप महाग हुईल, आप्पा. मग आपल्या दारात कोण येईल? अजून एक खेप करू द्या."

बाटलीत उसाची रोपं वाढवणाऱ्या, खुटबावच्या शेतकरी गटाच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत सगळं स्वस्तातलंच होतं. घरचा कुकर, जॅमच्या रिकाम्या बाटल्या, वाण्याची साखर आणि कोंब रोवायला महागड्या पावडरीऐवजी साबुदाण्याची घट्ट खळ. ती युक्ती सुवर्णाच्या मैत्रिणीची, प्रतिभाची. दोघी शेजारी बसून कोंब कापायच्या. पावसाळ्यात प्रतिभा डेंग्यूनं गेली आणि तेव्हापासून बाटल्या नासू लागल्या. साबुदाणा खोटा ठरला, तर प्रतिभाच खोटी ठरणार होती.

सुवर्णा कामाला बसली. चिमटा हातात घेतला की प्रतिभा यायची. दिसायची नाही, पण शेजारी कुणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं. मग सुवर्णा तिला सगळं सांगायची. आजही सांगत होती, "आप्पा तुझ्या साबुदाण्यालाच नावं ठेवतात गं. तूच सांग, काय चुकतंय माझं?"

मागून हुंदका आला. केडगावहून प्रतिभाची आई, गिताबाई, लेकीचा ॲप्रन न्यायला आली होती. ती काचेपलीकडं उभी होती.

"माझ्या पोरीशी बोलतीस व्हय? काय म्हणती ती?"

सुवर्णाचा हात मास्ककडं गेला. मास्क हनुवटीखाली होता. बोलता यावं म्हणून तिनंच तो खाली ओढला होता. ओठांसमोर बाटली उघडी होती. तोंडाची वाफ लागली की आतलं नासतं, हे ती नव्या बायकांना स्वतः शिकवायची.

तिनं मास्क वर घेतला, उघड्या बाटल्या टाकल्या आणि नव्यानं सुरुवात केली. त्या दिवशी पुढं ती एक शब्द बोलली नाही.

ती खेप जगली. साबुदाण्यात कोंब हिरवेगार तरारले. "पावडर नको आता," सोपानराव खुशीत म्हणाले.

काही दिवसांनी गिताबाई परत आली. दारातच घुटमळली. "आत बसू का जरा? म्हंजी, ती आली तर..."

"ती आता येत न्हाई, मावशी."

"का गं? रुसली?"

सुवर्णानं मान खाली घातली.

"मी हाक मारली की रोपं मरत्यात."