भिंतीची जाडी

रेषेला लांबी असते, रुंदी नसते. या सनातन सत्याच्या आधारावर दोन भावांची वाटणी वर्षभर कागदावर सुखानं नांदत होती. वडिलांच्या घराच्या नकाशावर मधोमध एक लाल रेघ. अलीकडचं थोरल्याचं, पलीकडचं धाकट्याचं. खाली दोघांच्या सह्या. एकमेकांशी बोलणं तेवढं बंद होतं.

मग गवंडी म्हणाला, रेघेवर विटा चढत नाहीत, नीट मॉडेल करून आणा. म्हणून दोघं मधल्या बहिणीच्या ऑफिसात आले आणि तिच्या दोन बाजूंना बसले. सपाट नकाशावरून कॉम्प्युटरवर उभं घर करून देणं हा तिचा धंदा. ती भावांकडून पैसे घेणार नाही, याबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं.

तिनं बाहेरच्या भिंती उभ्या केल्या, खिडक्या कापल्या. लाल रेघेपाशी माउस थांबला.

“ही भिंत नऊ इंची. जाडी कुठल्या बाजूला घालू? डावीकडे, उजवीकडे की मधोमध?”

“भिंत मी मागितली नव्हती, बेबी,” थोरला म्हणाला. “ज्याला हवी, त्याच्यात घाल.”

“ताई, त्यांना सांग,” धाकटा पडद्याकडे बघत म्हणाला, “वहिनींच्या तोंडाला झाकण असतं तर भिंत कशाला लागली असती?”

“दाराला कान लावायची सवय त्याच्या बायकोला. आता भिंतीला लावेल. तिच्याकडेच असलेली बरी.”

“मधोमध घालते,” बहीण म्हणाली. “साडेचार-साडेचार.”

“माझी मोरी आखूड होते,” थोरला म्हणाला. “बादली आत ठेवली तर मी बाहेर.”

“पोट कमी करा म्हणावं.”

थोरला उठला. “वाटणी रद्द. आता कोर्टातच बघू.” धाकटा फोनमध्ये वकिलाचा नंबर शोधू लागला होता.

बहिणीनं माउस सोडला. लग्नाआधी तिनं त्या घरातला आपला हिस्सा भावांना लिहून दिला होता. सही करतानाही दोघं असेच तिच्या दोन बाजूंना बसले होते.

“भांडता कशाला?” ती म्हणाली. “दोघांनाही नकोय ना? मग भिंत माझ्या नावावर करा. नऊ इंच रुंद, घरभर लांब. मी घेते.”

थोरला खाली बसला. धाकट्यानं फोन खिशात टाकला आणि वर्षभरात पहिल्यांदा भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

“दादा?”

“मधोमध घाल गं,” थोरला म्हणाला.

“मधोमधच,” धाकटा म्हणाला.

तिनं बटण दाबलं. भिंत उभी राहिली. दोघं भाऊ बोलत बोलत जिना उतरले.

तो प्रोग्रॅम भिंत मुळात मधोमधच घालतो. कुणाला काही विचारावं लागत नाही.