दीड इंच

तिसरा बोल्ट गंजला होता. गेणू मिस्त्रीने पान्यावर सगळा भार टाकला, शिडी करकरली, पण बोल्ट काही जागचा हलेना. खाली सायकलला टेकून बास्केटबॉलची नवी रिंग उभी होती. कालच वेल्डिंग मारलेली, रंगाचा वासही गेला नव्हता. शनिवार म्हणजे सातपूरच्या कंपन्यांची सुट्टी, सगळी कामगार वसाहत अजून लोळत पडलेली. लोक उठायच्या आत जुनी रिंग काढायची, नवी बसवायची आणि मुकाट्याने घरी जायचं, एवढाच त्याचा बेत होता.

उद्या याच मैदानावर रोशनी गावितचा सत्कार होता. वसाहतीतलीच पोरगी. बाप सुरगाण्याहून येऊन इथल्या कंपनीत लागलेला. उंची जेमतेम पाच फूट चार, आणि ही बया बाविसाव्या वर्षी व्यावसायिक बास्केटबॉल खेळत होती. नुसती खेळत नव्हती, पहिल्याच हंगामात सगळ्यात चांगल्या नव्या खेळाडूचं बक्षीस घेऊन आली होती. फ्री थ्रो म्हणून एक प्रकार असतो, त्यात अडवायला कुणी नसतं, रेघेवर उभं राहून एकट्याने बॉल रिंगमध्ये टाकायचा. तसे तिने ओळीने सत्तावन्न टाकले. अंतिम सामन्यातले शेवटचे दोनही तिचेच, आणि संघ एका गुणाने जिंकला. आता भारताच्या संघातही नाव आलं होतं. वसाहतीच्या मंडळाने ठरवलं होतं की शाल-हार झाला की रोशनीने सगळ्यांसमोर आपल्या जुन्या रिंगमध्ये दहा बॉल टाकून दाखवायचे.

हे ऐकलं आणि गेणूने नवी रिंग करायला घेतली.

कारण ही रिंग चुकीची होती, आणि ती त्यानेच केली होती. नऊ वर्षांपूर्वी मंडळाच्या पोरांनी कागदावर लिहून दिलं, व्यास अठरा इंच. गेणूचा सगळा जन्म पाइप कापण्यात गेलेला. पाइपचं माप बाहेरून घ्यायचं, ही हाताची सवय. त्याने रिंगचंही बाहेरून घेतलं आणि वर मजबूत व्हावी म्हणून सळी चांगली जाड वापरली. मागच्या आठवड्यात त्याने एका शाळेला अशीच रिंग करून दिली, तर तिथल्या सरांनी टेप लावला आणि परत पाठवली. "मिस्त्री, अठरा इंच आतून लागतात." गेणूने तिथेच बोटांवर हिशेब केला. तब्बल दीड इंच कमी.

त्या दिवशी तो जेवला नाही. "दीड इंचानं कुणाचं काय बिघडतंय?" बायको, शकुबाई, म्हणाली. पण तिला काय सांगणार? त्याच्या डोळ्यांपुढे ती पोरं येत होती. "काका, यात बॉल जातच नाय," म्हणत रडकुंडीला यायची. आणि हा शहाणा चष्मा कपाळावर सरकवून त्यांनाच सुनवायचा, "रिंगला नावं ठेवू नका. हात सुधारा." एकेक करून पोरं क्रिकेटकडे गेली. समोरच्या खांबाला दुसरी रिंग लावायची होती, तीही राहिली. रोशनी तेवढी टिकली. बॉल कडेला आपटून कुंपणापर्यंत जायचा, ती पळत जाऊन आणायची, पुन्हा टाकायची. उद्या भरल्या मैदानात तिचा बॉल असाच आपटला तर? सत्काराच्या दिवशी पोरीचं हसं होणार, आणि तेही आपल्या हातानं. गेणूने दात-ओठ खाऊन पान्याला पुन्हा हिसका दिला.

"काका, एवढ्या सकाळी काय चाललंय?"

खाली रोशनी उभी होती, काखेत बॉल घेऊन.

"काय नाय, जरा रंगकाम," असं काहीतरी गेणू पुटपुटला. पण सायकलशी ती नवी रिंग उभी, आणि पोरगी सरळ तोंडाकडे बघतेय. खोटं पुढे रेटेना. "पोरी, माझ्या हातनं चूक झाली. ही रिंग लहान हाय. पयल्यापासनं. लय पोरांचं नुकसान केलं मी. तुझं निम्मं बालपण बॉल आणण्यात गेलं. माफ कर मला."

रोशनीने बॉल खाली ठेवला आणि ती शिडीपाशी आली. वर चढलेल्या गेणूची पावलं बरोबर तिच्या कपाळाशी होती. वाकायची गरजच पडली नाही. ग्रीसने माखलेल्या त्या चपलांना तिने दोन्ही हात लावले आणि डोकं टेकवलं. गेणूला पाय कुठे लपवू असं झालं.

"मला माहीत आहे, काका," ती म्हणाली. "सोळाव्या वर्षी पुण्याला शिबिराला गेले ना, तिथली रिंग मला घमेल्याएवढी वाटली. म्हटलं, यांचीच चुकली असणार. घरी आल्यावर ही मोजली."

"सहा वर्षं झाली त्याला?"

"हो. म्हणून तर प्रत्येक सुट्टीत सरावाला इथंच येते. इथं जो बॉल जातो, तो कुठंही जातो. ही नवी आपण समोरच्या खांबाला लावू, बारक्या पोरांना. हिला मात्र हात लावू नका."

आठवडाभर छातीवर बसलेला धोंडा कुणी अलगद उचलून बाजूला ठेवावा, तसं गेणूला मोकळं वाटलं. या पोरीचे उपकार कसे फेडायचे, तेच त्याला कळेना.

"मग इतकी वर्षं बोलली का नाय?"

रोशनीने मातीत पडलेले दोन बोल्ट उचलले, फुंकून साफ केले आणि वर त्याच्या हातात दिले.

"बोलले असते, तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी बदलून दिली असती."