आलेल्या क्रमानं

"तीन पुस्तकं दिली होती," थोरला म्हणाला. "हे एकच आहे."

बाइंडरनं ते जाडजूड पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि खळीनं चिकट झालेले हात फडक्याला पुसले. काम झकास झालं होतं. निळं कापड, घट्ट कणा, कापून सरळ केलेल्या कडा. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि त्यामुळे तर थोरला जास्तच भडकला.

"पिशवीत सगळी सुटी पानं होती, साहेब. पुठ्ठा नाही, कणा नाही, एकच गठ्ठा. आमची पद्धत आहे, पानं आली त्या क्रमानं बांधायची. गिऱ्हाइकाच्या पुस्तकात आपलं डोकं चालवायचं नाही."

"अहो, पण पानांवर आकडे होते!"

"होते की. सत्तावन्ननंतर बारा, बारानंतर दोनशे तीन. म्हटलं, शिकलेल्या लोकांचं पुस्तक आहे, असेल काहीतरी."

धाकट्याला हसू फुटलं. थोरल्यानं डोळे वटारले तसं त्यानं ते गिळलं.

वडिलांच्या मागे तिघा भावंडांनी सगळी वाटणी गुण्यागोविंदानं केली होती. ही पुस्तकंसुद्धा, गठ्ठा न सोडता, नुसती नावं घेऊन. श्रद्धेवरचं ताईला, संगीतावरचं धाकट्याला आणि लोकशाहीवरचं थोरल्याला. तिन्ही एकाच आकाराची, सारखीच पिवळी पडलेली, आणि वडिलांनी इतकी हाताळलेली की पान न् पान सुटं झालेलं. आज आपापलं पुस्तक घेऊन तिघं आपापल्या गावी परतणार होती. आई दुकानातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला यातलं काय हवंय, हे विचारायचं राहून गेलं होतं. मुद्दाम नाही. राहून गेलं, एवढंच.

"उसवा आणि तीन वेगळी करा," थोरला म्हणाला.

बाइंडरचा चेहरा पडला. "सुट्या पानांना भोकं पाडून शिवावं लागतं, साहेब. कागद जुना आहे. आता दोरा ओढला की कडा फाटणार. पुन्हा शिवायला पान उरायचं नाही. तुम्ही म्हणाल तर करतो, पण मग हातात काय येईल ते माझ्यावर ढकलू नका."

ताईनं पुस्तक ओढून घेतलं आणि मधूनच उघडलं. "बघू तरी काय खिचडी झालीये ती." ती मोठ्यानं वाचू लागली. "'ज्याला कधीच शंका आली नाही, त्याची श्रद्धा अजून कामाला लागलेली नाही...'"

"आता गाणं येईल," आई बाकावरून म्हणाली.

ताईनं पान उलटलं. "'सूर लावण्याआधी जो थांबतो, त्यालाच सूर सापडतो.'" ती चमकून आईकडे बघायला लागली. "आई, तुला कसं कळलं?"

"रोज सकाळी तेच तर होतं. चहा झाला की आधी थोडं देवाचं, मग थोडं गाण्याचं, मग ते लोकशाहीचं. मोठ्यानं वाचायचे, आणि वाचलेलं पान पालथं ठेवायचे. सुटलेलीच होती ना पानं. मग गठ्ठा तसाच होत गेला." आई बाइंडरकडे वळली. "बरोबर बांधलंय तुम्ही. एकही पान इकडचं तिकडे नाही."

बाइंडरचा चेहरा खुलला. थोरला मात्र हटायला तयार नव्हता. त्यानं पुस्तक स्वतःकडे वळवून पुढचं पान काढलं. तिथं खरोखरच त्याची लोकशाही होती. "'बहुमतानं निर्णय होतो. पण कोण बरोबर, हे बहुमतानं ठरत नाही.'"

"इथं आमचं भांडण व्हायचं," आई म्हणाली.

"कशावरून?" धाकट्यानं विचारलं.

"कशावरूनही! घरात माणसं दोन, बहुमत आणायचं कुठून? त्या तिन्ही पुस्तकांत फिरून फिरून एकच लिहिलंय, आधी दुसऱ्याचं ऐकून घ्या. आणि वाचणारा गृहस्थ एक अक्षर ऐकून घ्यायचा नाही!" आई हसली. हसता हसता तिनं पदरानं डोळे टिपले. "चहा गार व्हायचा, पण दिवस कसा छान सुरू व्हायचा."

आता मात्र थोरल्यालाही भरून आलं. वाटणीच्या वेळी आई दाराशी उभी होती, आणि आपण तिला फक्त गठ्ठा बांधायला दोरी आणायला सांगितलं होतं, हे त्याला आठवलं. त्यानं पुस्तक मिटलं, दोन्ही हातांनी उचललं आणि नेऊन आईच्या मांडीवर ठेवलं.

"तुझं आहे हे. आम्हाला कळायला हवं होतं."

"हो, कळायला हवं होतं," आई म्हणाली. तिनं निळ्या कापडावरून हात फिरवला आणि पुस्तक परत त्याच्या हातात दिलं. "पण मी एकटी घेऊन काय करू? ही बारीक अक्षरं मला आता दिसतात होय? आळीपाळीनं या तिघं. एकेकानं थोडं थोडं वाचून दाखवायचं."

"येऊ ना," ताई लगेच म्हणाली. "दर महिन्याला कुणी ना कुणी येईल. वाचून लगेच संध्याकाळच्या गाडीनं परत."

"छे गं," आई म्हणाली, "वाचून झाल्यावर कसली पळतेस? भांडायला थांबायचं."